न्हाव्याच्या खुर्चीतली डुलकी

तीर्थरूप आईस,
इथूनच वाकून नमस्कार.

मी बरा आहे. या वेळी हे खरं लिहितोय. तुझे गुडघे काय म्हणतात?

युद्धावरून आल्यापासून मी दाराकडे पाठ करून बसत नाही, तुला ठाऊकच आहे. उपचार करणाऱ्या बाईंनी विचारलं, "बसलात तर काय होईल?"

म्हटलं, "मागून कुणीतरी येईल."

"मग बसा आणि बघा, कोण येतं ते."

म्हणून काल न्हाव्याकडे गेलो. दार पाठीमागे, आणि आरशात बघायचं नाही, डोळे मिटायचे ही बाईंची अट. घामाने भिजलो. दार करकरलं तसे खुर्चीचे हात घट्ट धरले. शेजारचा शिंपी पेपर मागायला आला होता!

मग मला चक्क डुलकी लागली. मान कलंडली, वस्तरा सरकला आणि एक कल्ला पार वर गेला. न्हावी उलट माझ्यावरच चिडला. हसू नकोस.

गर्दीत अजून छाती धडधडते. होईल हळूहळू.

मी दचकू नये म्हणून तुम्ही माझ्या मागून येताना आधी खोकता. बाबा तर खोटं खोकता खोकता खरंच खोकायला लागले. मला सगळं कळत होतं गं.

आता घरी आलो की खोकू नकोस. सरळ ये आणि पाठीवर हात ठेव.

तुझा,
धाकटा