निळ्या पेन्सिलीचा कारकून

प्रिय धाकटोबा,

रविवार, ९ फेब्रुवारी, दुपारचे बारा वाजून वीस मिनिटं. साहित्य महोत्सवाचा मोठा मंडप, तिसरी रांग, कडेची खुर्ची. वेळ मला नेमकी ठाऊक आहे, कारण वक्त्यांनी आवरतं घ्यावं म्हणून मंचाच्या पायथ्याशी लाल आकड्यांचं घड्याळ ठेवलं होतं आणि तुझ्या तोंडाकडे बघवेना म्हणून मी त्या घड्याळाकडे बघत होते. मुलाखत घेणाऱ्या त्या चुणचुणीत मुलीने तुला विचारलं की, बाहेरच्या प्रदर्शनात 'लिफ्टवाली' या तुमच्या चित्रकथेची मूळ पानं लावली आहेत, त्यांत प्रत्येक काळ्या अक्षराखाली एक फिकट निळं अक्षर दिसतं, समासातही निळ्या पेन्सिलीने सूचना लिहिल्यात, ते अक्षर कोणाचं? तू हसलास. म्हणालास, अहो, आमच्या साप्ताहिकात एक कारकून होता, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तो बिचारा माझे संवाद सुवाच्य उतरवून द्यायचा. चारशे माणसं हसली. एका वाक्यात तू माझी नोकरी बदललीस, मला बिनानावाची केलंस आणि वर पुरुषही केलंस. इतक्या कमी शब्दांत एवढं काम तुला एरवी साधत नाही.

त्या वेळी माझ्या गळ्यात तूच पाठवलेला पास होता. तुझ्या पासवर 'लेखक' छापलं होतं, माझ्यावर 'सोबत'. दारावरच्या स्वयंसेवकाने विचारलंही, आजी, कोणासोबत? तुझं नाव सांगितल्यावर त्याने मला खुर्ची पुसून दिली, तेव्हा तुझी कीर्ती खोटी नाही हे मान्य. सकाळी प्रदर्शनात फिरले. लिफ्टवालीसारखा पितळी बटणांचा कोट आणि तिरपी टोपी घालून माणसं आली होती. शाळकरी पोरी होत्या, तसे टक्कल पडलेले दोन बँकेतले साहेबही होते. एका पानासमोर मी जरा जास्त वेळ रेंगाळले, तर टोपीवाली एक बाई म्हणाली, काकू, बाजूला व्हा ना, मला याच्यासोबत फोटो काढायचाय. मी बाजूला झाले. माझ्याच अक्षरासोबत तिने फोटो काढला.

हे असं का झालं, त्यात माझाही हात आहे, म्हणून ते आधी सांगून टाकते. छापखान्याच्या जुन्या कॅमेऱ्याला फिकट निळा रंग दिसत नसे. म्हणून आपण ती पेन्सिल वापरायचो आणि खोडत कधीच नव्हतो. बावीस वर्षं मी निळ्याने लिहिलं, तू त्यावरून काळी शाई फिरवलीस आणि छापलेल्या अंकात माझा मागमूस राहिला नाही. ते आपल्या इतकं अंगवळणी पडलं की निळं कोणालाच दिसत नाही असं आपण दोघं धरून चाललो. तू तो गठ्ठा आयोजकांना सुतळीसकट उचलून दिलास. त्यांच्या नव्या यंत्राला सगळं दिसतं. पानं चौपट मोठी करून भिंतीवर लावली, तेव्हा समासातली माझी 'इथे चेहरा नको, नुसता हात दाखव' ही ओळ वीतभर उंचीची झाली होती. चांगली सूचना होती. हातही तू अप्रतिम काढला होतास.

तुझ्या हाताबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. शाळेत माझ्या विज्ञानाच्या वहीतला बेडूक तू काढायचास आणि तुझे निबंध मी लिहायचे. आईला दोन्ही ठाऊक होतं. तिचं म्हणणं, दोघं मिळून एक मूल हुशार आहे. पुढे तेच चालू राहिलं, इतकंच. शनिवारी दुपारी तू कोरे कागद घेऊन यायचास, स्वयंपाकघरातलं टेबल मी दोनदा पुसायचे, आणि वीस मजली इमारतीच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून सगळ्यांची गुपितं ऐकणारी आपली ती बाई या आठवड्यात काय ऐकणार, हे मी सांगायचे. तू नुसता हो-हो करत चौकटी आखायचास. चोर कोण, हे तुला बऱ्याचदा शेवटचं चित्र काढताना कळायचं. एकदा तर तू रागावून म्हणालास, ताई, वॉचमन चोर निघणार हे आधी सांगायचंस ना, मी त्याला किती प्रेमळ चेहरा दिलाय. मी म्हटलं, म्हणून तर सांगितलं नाही.

नाव नको, हे मीच म्हटलं होतं. ते मी नाकारत नाही. ज्या कॉन्व्हेंटमध्ये घरची भाषा तोंडातून निघाली की सिस्टर बाकावर उभं करायच्या, तिथेच मी शिकले आणि तिथेच मास्तरीण झाले. मुख्याध्यापिका सिस्टर चित्रकथांना सर्दीपडशासारखं मानायच्या, एकीला झालं की वर्गाला होतं. मुलींच्या दप्तरातून अंक जप्त करायचं काम माझ्याकडे होतं. मीच लिहिलेला अंक मी किती वेळा ओढून घेतला असेल आणि पुन्हा दिसला तर बघ, असं दरडावलं असेल, त्याला गणती नाही. एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली होती, टीचर, निदान चोर कोण ते तरी सांगा. मी सांगितलं नाही. तिला आठवडाभर झोप लागली नसेल आणि मला त्या दिवशी पगारवाढ झाल्यासारखं वाटलं. माझ्या निरोप समारंभाच्या दिवशी सिस्टरनी आपलं कपाट उघडलं. जप्त केलेले सगळे अंक तारखेवार लावून ठेवलेले. म्हणाल्या, शेवटची नऊ महिन्यांची लिफ्टवाली जरा ढिली झाली होती, तेव्हा तुझी तब्येत बरी नव्हती का? त्यांना कधीपासून ठाऊक होतं, हे मी विचारलं नाही. त्या नऊ महिन्यांत मी आईजवळ होते.

तू मला दिलेला शब्द तुझ्या लक्षात असेलच, नसेल तर लिहून देते. ताई, तू रिटायर हो, मग तुझं नाव वर आणि माझं खाली. हे तू दर वर्षी म्हणायचास, मी न विचारता. पण माझ्या निवृत्तीच्या आधीच साप्ताहिक बंद पडलं, आणि नाव घालायला अंकच उरला नाही, तेव्हा मीही गप्प बसले. आता सात वर्षांनी तीन खंडांचा संग्रह निघतोय. त्याची मुद्रितं तुझ्या संपादकाने परवा मला पाठवली. म्हणाला, सर म्हणाले, ताई शुद्धलेखन बघतील. बघितलं. पहिल्याच पानावर 'कथा आणि चित्रे' यापुढे तुझं एकट्याचं नाव आहे. ऋणनिर्देशात अकराव्या ओळीत, तुझ्या चष्मेवाल्याच्या खाली, 'मुद्रिते तपासल्याबद्दल थोरल्या बहिणीचे आभार' आहेत. त्या ओळीत शुद्धलेखनाची चूक नाही. बाकी सगळं चूक आहे.

कार्यक्रम संपल्यावर तू फोन केलास आणि विचारलंस, ताई, कसं झालं? मी म्हटलं, गर्दी बरी होती. तूही पुढे काही विचारलं नाहीस. मी तिसऱ्या रांगेत होते, तू मला पाहिलं होतंस. कारकून हा शब्द उच्चारताना तू मान तेवढी माझ्याकडून दुसरीकडे फिरवलीस. मला वाटतं, तुला आयत्या वेळी सुचलं नाही, आणि खरं सांगायला आता फार उशीर झालाय असं तुला वाटलं. उशीर झालाय. म्हणून सांगायचं नाही, असं कुठे आहे?

खरं तर मी सरळ प्रकाशकाला लिहू शकले असते. पुरावा भिंतीवर टांगलेला आहे. पण त्याच दिवशी मागच्या रांगेतून एक माणूस उठला आणि त्याने तुला शेवटच्या पानाबद्दल विचारलं, म्हणून हे पत्र तुला लिहिते आहे. शेवटच्या पानावर लिफ्ट कायमची बंद झालेली असते, लिफ्टवाली खाली उभी असते, आणि विसाव्या मजल्यावरून तिच्या म्हाताऱ्या आईचा आवाज येतो, 'लिफ्ट बंद असेल तर खालीच थांब. मीच येते.' तो माणूस म्हणाला, माझे वडील गेले तेव्हा मी हे वाक्य रोज वाचायचो. तू म्हणालास, ते असंच एका संध्याकाळी सुचलं. ते तुला सुचलं नाही, आणि मलाही नाही. आई गेली त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, ती ते बोलली. तीन महिने तिला कुशीही बदलता येत नव्हती. तू दुसऱ्या शहरात चित्रकथांच्या संमेलनात सह्या करत होतास, रविवारी निघतो असं म्हणाला होतास, आणि तिला वाटलं तू येऊन खाली उभा आहेस. हाक तुझ्या नावाची होती. फोनवर सांगितलं असतं तर तू रडला असतास, आणि तुला सावरण्याचं बळ तेव्हा माझ्यात नव्हतं. म्हणून पुढच्या शनिवारी पानावर लिहिलं. वाटलं, शाई फिरवताना तुला तिचा आवाज ओळखू येईल. तू निरोप पाठवलास, शेवट झकास जमलाय. मग मी कधीच सांगितलं नाही, आणि ती माझी चूक आहे, कारकुनाची नाही. आता ते वाक्य तुझं म्हणून पुठ्ठाबांधणीत कायमचं बसणार, त्याआधी ते कोणी कोणाला म्हटलं होतं, हे तुला ठाऊक असायला हवं. मला दोन गोष्टी हव्यात. पहिल्या पानावर कथा माझ्या नावाने, चित्रं तुझ्या नावाने. आणि शेवटच्या पानाखाली, बारीक अक्षरांत चालेल, आईचं नाव. पुस्तक सोमवारी, २४ तारखेला छापायला जातं. शुक्रवार, २१ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत मला या दोन्हींचं लेखी उत्तर हवं, खाली तुझी सही हवी.

तुझीच,
ताई