सोळाव्या मजल्यावरची पिल्लं

शनिवार, दि. ८

सौ. वहिनींस,
साष्टांग नमस्कार. बाळ-बाळंतीण सुखरूप असतील. जावईबापू उद्या तिकडे परत निघतायत, त्यांच्या हाती हे पत्र देतोय.

दादांचा ताप उतरलाय, जेवण जातंय. हाताला प्लास्टर आहे, दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे, पण तोंड काही बंद नाही. काल नर्सला म्हणाले, "ही खिडकी पुसली कुणी? नुसत्या बोटाला कळतंय, ओघळ राहिलेत." अख्खा वॉर्ड हसला. मीही हसलो आणि बाहेर जाऊन जिन्यात बसलो.

उजवा डोळा शाबूत आहे. डाव्याचं शुक्रवारी पट्टी निघाल्यावरच कळेल, असं डॉक्टर म्हणतात.

फोनवर तुम्ही विचारलंत, "भाऊजी, इतक्या वर्षांचा सराव, मग असं झालंच कसं?" तेव्हा मी आवाज येत नाही म्हणालो. आवाज चांगला येत होता.

उंच इमारतींच्या काचा धुवायची आमची रीत तुम्हाला ठाऊक आहे. एकानं समोरच्या गच्चीवरून दुर्बिणीनं भिंत न्याहाळायची. मधमाश्यांचं पोळं, सुटलेली काच, असलं काही नाही ना ते बघायचं आणि फोनवर "मोकळं" म्हणायचं. मगच दुसऱ्यानं दोरावरून उतरायचं. त्या दिवशी दुर्बीण माझ्या हातात होती.

सोळाव्या मजल्याच्या छज्ज्यावर ससाणी बसली होती, वहिनी. खाली चौकात बस, भोंगे, माणसांची झुंबड, आणि वर ही बया निवांत कबुतराची पिसं उपटतेय. पायाशी तीन पांढरी पिल्लं. पंधरा दिवस मी तिला रोज पाहत होतो, कुणाला बोललो नव्हतो. मुकादमानं मागे घारीची पिल्लं झाडूनं खाली लोटली होती, तेव्हा मी तिथेच होतो. दादांचा दोर चार खिडक्या पलीकडे आहे, एवढ्यानं काय होतंय, असं वाटलं. मी "मोकळं" म्हणालो.

ती सरळ त्यांच्या तोंडावर आली. दुर्बिणीतून मला सगळं दिसलं. दादा भिंतीवर आपटले, त्याचा आवाज मात्र आला नाही.

पिल्लं मुकादमानं दुसऱ्याच दिवशी लोटली. म्हणजे कुणाचंच भलं झालं नाही.

दादा सगळ्यांना सांगतात, "चूक माझीच, मान वर करायला नको होती." परवा माझा हात चाचपत विचारलं, "तुला दिसली नव्हती ना रे?" मी नाही म्हणालो. त्यांनी माझा हात थोपटला.

तेव्हापासून माझी पाचावर धारण बसली आहे. आज मुकादमानं पुन्हा दुर्बीण दिली; उतरायला नवा माणूस. भिंत स्वच्छ होती. तीनदा पाहिली, तरी तोंडातून शब्द फुटेना. दुर्बीण तिथेच ठेवून पळून आलो. नोकरी राहते की जाते कोण जाणे, पण भीती तिची नाही. शुक्रवारी दादा डोळे उघडतील, एक की दोन देव जाणे, आणि मला बघून हसतील, त्याची भीती वाटते.

तुम्ही गुरुवारी येताय. हे पत्र त्यांना वाचून दाखवा. सांगायला म्हणून मी दोनदा गेलो आणि दारातूनच मागे फिरलो. पण पट्टी निघायच्या आधी वाचा. माझं तोंड बघायचं की नाही, हे त्यांनी सगळं ऐकून मग ठरवावं.

अजून तरी तुमचा,
भाऊजी