रिकामं वजन

२ फेब्रुवारी १९७३
एकदाचे इंदूरला आलो. देपालपूरच्या शाळेतली कारकुनी सुटली आणि विमान कंपनीत लागलो. सुलोचनाने शेजारणींना सांगूनही टाकलं की आमचे हे आता विमानात असतात. विमानात कसला, विमानाच्या कागदांत. कंपनीकडे जेट एकच, तेही दोन मालकांनी वापरून सोडलेलं. ते कुठे उतरलं, कोणतं चाक कधी बदललं, सगळा इतिहास अकरा जाड वह्यांत आहे. तो मी नव्या नमुन्यात उतरवायचा. फोरमन तुकोजीराव जुन्या सरदार घराण्यातले, पण कपड्यांवर ग्रीसचे डाग. इंदुरी थाटात म्हणाले, भिया, कागद सीधे ठेवा, विमान आपोआप उडतं. सहा महिने कच्ची नोकरी, मग कायम. ही माझी चौथी नोकरी. पाचवी शोधायचं आता अंगात त्राण नाही.

२१ फेब्रुवारी
पाच वह्या झाल्या. मान आखडली आहे. दर दोन वर्षांनी विमानाचं रिकामं वजन करतात. विमान जॅकवर उचलायचं, वाऱ्याने काटा हलू नये म्हणून हँगरची दारं लावून घ्यायची. त्याआधी कारकुनाने आत फिरून यायचं आणि ‘आत कोणी नाही’ असं लिहून सही करायची. जुन्या नोंदींत विमानाचं वजन १९६७ मध्ये चौपन्न किलोंनी वाढलं. १९६९ मध्ये एकोणपन्नासने. १९७१ मध्ये एकसष्टने. तुकोजीरावांना विचारलं. म्हणाले, रंग चढतो, धूल बसती है, तुम्ही आकडा उतरवा ना.

३० मार्च
आज सीटांची यादी करायला आत गेलो. सगळ्या गाद्या फुगलेल्या, तीन मात्र दबलेल्या. हाताने फुगवल्या, पुढची रांग मोजून मागे वळलो तर पुन्हा दबलेल्या. झाडूवाली लक्ष्मी आत होती. ती त्या तिन्ही जागांपाशी थांबते आणि ‘जरा पाँव उठाओ भैया’ म्हणून मगच खालून झाडते. कोणाला म्हणतेस, असं विचारलं तर म्हणाली, बैठे हैं तो बोलना पड़ता है, बाबूजी. तिला भीती नाही. दोन मुली घरी आहेत, भ्यायला वेळ कुठला, असंही म्हणाली.

११ जून
माझ्याआधीचा कारकून बाबूराव. त्याची फाईल कपाटामागे सापडली. १९७१ च्या वजनाच्या दिवसापासून गैरहजर. सायकल महिनाभर स्टँडवर पडून होती म्हणतात. नोकरीला लागतानाची डॉक्टरची चिठ्ठी फाईलमध्ये आहे. वजन एकसष्ट किलो.
चिठ्ठी तीनदा वाचली, वहीतला १९७१ चा आकडाही. वजनाच्या दिवशी आत बघायला जो जातो तो आतच राहतो. यंदाचं वजन जुलैत. आता मी.

९ जुलै
सुलोचनाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, नोकरी सोडा. मग भाड्याचं विचारलं. तिला सातवा महिना आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. रजा मागितली. तुकोजीराव म्हणाले, वजनाच्या दिवशी रजा नाही, सही तुमचीच लगेगी.

२४ जुलै
झालं.
सकाळी विमान जॅकवर चढवलं. तुकोजीराव काट्यापाशी, पाठ माझ्याकडे. मी शिडी चढलो. दारात उभा राहिलो. आतून सरसर आवाज आला. कोणीतरी आहे, हे नक्की कळलं. वाटलं, तेच तिघे, मला घ्यायला उठलेत.
पाय पुढे टाकला नाही. दार ओढून घेतलं, खाली आलो, ‘आत कोणी नाही’ लिहिलं, सही केली.
वजन त्रेचाळीसने वाढलं. तुकोजीरावांनी शेऱ्यात लिहिलं — रंग.
मी मात्र खाली आहे. जिवंत आहे. देवा, किती बरं वाटलं.

२५ जुलै
लक्ष्मी आली नाही.
हजेरीत कालची तिची खूण आहे. येण्याची. जाण्याची नाही.

२६ जुलै
आत गेलो. गेलोच. झाडू दोन रांगांच्या मधे पडलेला. गाद्या चार दबलेल्या. चौथीवर हात ठेवला — ऊबदार —
तो सरसर आवाज झाडूचा होता. नुसतं हाक मारून विचारायचं होतं, कोण आहे. एवढंच.
तुकोजीरावांना सांगितलं. त्यांनी वजनाचा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, सही किसकी है, दिवाकरजी?

३ ऑगस्ट
कायम झालो. पत्र खिशात. सुलोचना रडली, आनंदाने. मी जेवलो नाही.
परवा विमान उडणार. एकाहत्तर प्रवासी.

४ ऑगस्ट
लक्ष्मीचा नवरा सकाळपासून फाटकावर. धाकटी मुलगी कडेवर. त्याने विचारलं, बाबूजी, उस दिन आपने अंदर देखा था? मी हो म्हणालो.
पुन्हा विचारलं. पुन्हा हो म्हणालो.

दुपार
टेबलापाशी लिहितो आहे. खिडकीतून हँगर आणि आतलं विमान दिसतं. त्याने फाटक ओलांडलं. कोणी अडवलं नाही. एकदा स्वतः बघतो म्हणाला होता. मुलगी कडेवरच —
शिडी चढायला लागला. मी ओरडलो तर सांगावं लागेल, मी पाहिलं नव्हतं —
दाराला कुलूप आहे. २६ तारखेला मीच लावलं, किल्ली इथे, माझ्यासमोर —
दार उघडतंय. आतून. मुलगी हात पुढे करते आहे, आईकडे झेपावते तशी —
आता तरी ओरडायला —