रिकामी अंबारी

गेर्लिंगेन, जर्मनी, ९ नोव्हेंबर २०१४

आदरणीय बाबा,
तुम्हाला आणि आईला माझा जयभीम.

मी मजेत आहे. वजन चार किलो कमी झालंय, पण ऑफिसातले म्हणतात, छान दिसतोस. शनिवार-रविवार कुणाशी बोलणं होत नाही, त्यामुळे सोमवारी पहिलं 'मॉर्गन', म्हणजे इथलं गुड मॉर्निंग, म्हणताना घसा खरवडतो, इतकंच.

तुमच्या व्याख्यानासाठी लढाईतल्या हत्तींची चित्रं हवी होती ना? इथल्या लायब्ररीत जाडजूड पुस्तक मिळालं. झेरॉक्स सोबत जोडल्यात.

त्यात समूगढही आहे. वर्गात ती लढाई शिकवताना तुम्ही टेबलावर चढायचात. शहाजादा दारा हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला, अंबारी रिकामी दिसली आणि तो मेला समजून फौज पळाली. "सगळ्यांची नजर ज्याच्यावर असते, त्याने उतरायचं नसतं," असं तुम्ही सांगायचात. मी ते वहीत लिहून ठेवलं होतं.

पण बाबा, त्या अंबारीवर अग्निबाण येत होते. खालच्यांना तो दिसत होता, म्हणून ते निर्धास्त होते. वर तो एकटाच होता. तो घाबरला असेल का, हे मी तुम्हाला कधी विचारलंच नाही.

आईने शुगर तपासली का? इथल्या नोकरीबद्दल चौकात लावलेला माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स वाऱ्याने फाटला, असं क्रांतीताई फोनवर म्हणाली. तुम्ही नवा छापायला देणार आहात म्हणे.

नका देऊ, बाबा. मला परत यायचंय. मी जिवंत आहे, एवढं लोकांना सांगाल ना?

तुमचा,
सुगत