दोन तासांवरच्या भावास

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. देवाच्या कृपेने इकडे सगळे आपापल्या पायांवर उभे आहेत, तुम्हीही असाल. तुझं पार्सल पोचलं: लोकरीची शाल एक, रक्तदाब मोजायचं यंत्र एक, बदामांचा डबा एक. विमानाचं भाडं खोक्यावरच छापलेलं होतं, ते शालीच्या किमतीहून जास्त निघालं. (ताळा करून बघ; मॅट्रिकला माझे गणितातच बरे गुण होते.) असो. तुझ्याकडून आमच्याकडे विमानाने येता येतं, एवढं तरी त्या खोक्याने दाखवून दिलं.

आईच्या डोळ्यांचं तुला ठाऊकच आहे. उजवा गेलेलाच. डाव्याचं ऑपरेशन लांबवू नका म्हणून डॉक्टर माझ्यावर खेकसतात, आणि आई म्हणते, धाकटा शेजारी उभा राहिल्याशिवाय मी टेबलावर पडायची नाही. तू दर फोनला म्हणतोस, "दोन तासांचं तर अंतर, आई. हाक मार, आलोच." तू बोलून मोकळा होतोस. ती फोन ठेवून केस विंचरते, धुतलेले कपडे घालते आणि दारात खुर्ची टाकून बसते. दोन तासांनी खुर्ची आत घ्यायचं काम माझं.

शेवटी मीच म्हटलं, तो येत नाही तर आपण जाऊ. तुला कळवलं, तू "या की" म्हणालास. तर तुझे ते दोन तास मी आता मोजून आले आहे. घर सोडलं पहाटे, कारण विमानाआधी तिथे जाऊन ताटकळायचं असतं. तपासणीवालीने आईची काठी काढून घेतली, माझी देवाच्या दिव्याच्या तेलाची बाटली टोपलीत टाकली (अर्धी भरलेली होती) आणि मला चोरासारखे हात वर करायला लावले. मग विमानाला उशीर. वर गेल्यावर समोरच्या पडद्यावर नकाशातलं इवलंसं विमान सरकत होतं. आईला ते दिसेना, म्हणून वाटभर मीच तिला कुठवर आलो ते सांगत बसले. ती शेजारच्या गृहस्थांना म्हणाली, "माझ्या मुलाला हे रोजचंच आहे हो. मनात आलं की येतो." उतरलो, तर तुझं घर तिथून आणखी एका विमानाएवढं लांब. दिवेलागणीला दार वाजवलं. तुझी बायको म्हणाली, "अहो ताई, हे सकाळीच कामासाठी बाहेरगावी गेले. फार लांब नाही, दोन तासांवरच आहेत."

आई हसली. मला काही हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी परत आलो.

यापुढे फोनवर तास सांगू नकोस. वर्ष सांग, म्हणजे ती दारात तरी बसणार नाही.

तुझी,
ताई

ता. क. ऑपरेशन चार दिवसांपूर्वी झालं. डॉक्टर थांबेनात. आत नेताना आईने विचारलं, धाकटा आला का? मी हो म्हटलं. (हे खोटं माझ्याच नावावर मांड, असं देवाला सांगून ठेवलंय.) तिला सावल्यांपलीकडे दिसत नव्हतंच. खालच्या मजल्यावरचा शिंपी तिचा हात धरून उभा राहिला. तुझा घसा बसलाय, असं तिला सांगितलंय.

आणखी एक. डोळ्यावर अजून पट्टी आहे. शिंपी बिचारा दुकान बंद करून रोज येतो, गप्प बसतो. आई त्याची बोटं चाचपते आणि म्हणते, फार राबवतात रे तुला नोकरीत. पट्टी पुढच्या सोमवारी निघणार. त्या वेळी तिच्यासमोर कोण असायचं, ते मला शिंप्यालाही सांगायला हवं. तेव्हा उलट टपाली कळव.