दुसरा परीक्षक कोण?

ती. ताईला धाकट्याचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे हे विचारायला हवं, पण दुखत असला तरी तू ‘बरा आहे’ असंच कळवणार, तेव्हा ती चौकशी केली असं समज. भावोजींना नमस्कार. फोन सोडून पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. तर आमच्या मजल्यावर भिंतींना कान आहेत, आणि ते कान कोणाचे हेही मला परवा-परवापर्यंत अगदी खात्रीनं ठाऊक होतं. त्याचीच ही हकीकत.

मी जीवाणू पाळतो एवढं तुला माहीत आहे. (आई शेजाऱ्यांना ‘औषधांचं काहीतरी करतो’ असं सांगते. मी दुरुस्त करत नाही.) गेली चार वर्षं मी आणि माझी विद्यार्थिनी एका जीवाणूच्या मागे आहोत. कापडगिरणीतून रंगाचं जे निळं सांडपाणी बाहेर पडतं, त्यातला रंग तो खातो. निळ्याशार पाण्याचा काचेचा फ्लास्क चार दिवसांत नितळ! गिरणीचा इंजिनियर दर सोमवारी फोन करून विचारायचा, ‘साहेब, टाक्या बांधायला घेऊ?’ मी म्हणायचो, जर्नलमध्ये येऊ दे. आमच्या जीवतंत्रज्ञानात एक जर्नल आहे, सगळ्यांत मोठं. त्यात छापून आलं की जगभरचे लोक आपला प्रयोग करून बघतात, गिरण्या टाक्या बांधतात, विद्यार्थिनीला डॉक्टरेट मिळते. नाही आलं, तर तुम्ही चार वर्षं नुसतं पाणी ढवळलंत. आता यातली मेख अशी, की लेख छापण्याआधी संपादकबाई तो तिघा परीक्षकांकडे पाठवतात, आणि ते तिघं कोण हे लेखकाला कधीही सांगत नाहीत. मुलगी बघायला यावं आणि बुरखा पाहुण्यांनीच घ्यावा, तसला प्रकार.

पहिल्या परीक्षकानं वाहवा केली. तिसऱ्यानं स्वल्पविराम दुरुस्त केले. दुसऱ्यानं मात्र लिहिलं, ‘फ्लास्क खिडकीजवळ ठेवलेले दिसतात. तथापि, रंग उन्हानंही विटत असेल. जीवाणू न घालता एक फ्लास्क तिथेच ठेवून पाहावा, आणि जीवाणू घालून एक अंधारात.’ ताई, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उन्हानं! चार वर्षांची मेहनत म्हणजे काय वाळत घातलेला परकर आहे?

आणि मग तो ‘तथापि’ डोळ्यांत खुपला. आमच्या मजल्यावर तथापि म्हणणारा माणूस एकच : शेजारच्या प्रयोगशाळेतले खाकरे. (हे आडनाव नव्हे, सवय आहे. जिन्यात असले तरी वरच्या मजल्यावर कळतं.) तेही रंगच खाणारे जीवाणू पाळतात, लाल रंग खाणारे. वर दोन वर्षं माझ्याशी धड बोलत नव्हते. दोन अधिक दोन चार. मला लोंबकळत ठेवायचं आणि तेवढ्यात निळा रंगही आपण गिळायचा, हा डाव मी ओळखला. विद्यार्थिनी म्हणाली, ‘सर, प्रयोग करूनच टाकू ना. पंधरा दिवसांचं काम आहे.’ मला तर तिचाही संशय आला. एवढी घाई कशाला?

प्रयोगाऐवजी मी तपास हाती घेतला. खाकऱ्यांच्या टोपलीतले कागद जुळवून पाहिले (भाजीची यादी निघाली, त्यांना दोडका चालत नाही). मग वाटलं, खरा पुरावा थंड खोलीत असणार. ही आमची सामाईक खोली, फ्रीजसारखी गार, बाटल्या ठेवायची. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी आत शिरलो आणि त्यांच्या मांडणीवरच्या चिठ्ठ्या वाचू लागलो. तेवढ्यात बाहेर खाकरण्याचा आवाज! मी खोक्यांमागे दडलो. ते आले, बाटली घेतली, आणि जाताना दार लावून गेले. दाराची आतली मूठ दोन महिन्यांपूर्वीच निखळली आहे. ‘दार पूर्ण लावू नये’ अशी पाटीही आहे, आणि त्या पाटीखाली सही माझीच.

वीस मिनिटं मी दार बडवत होतो. कानांच्या पाळ्या बधिर झाल्या. शेवटी दार उघडलं ते खाकऱ्यांनीच.

‘तुम्ही इथे काय करताय?’

‘बाटली शोधत होतो.’

‘माझ्या मांडणीवर?’

माझे दात वाजत होते. त्यांनी अंगातला स्वेटर काढून मला घातला, खोलीत नेऊन चहा दिला, आणि एकदम म्हणाले, ‘त्या दुसऱ्या परीक्षकाला शोधताय ना? मीही शोधला होता. दोन वर्षांपूर्वी त्याच जर्नलनं माझा लेख परत पाठवला. तो परीक्षक तुम्हीच असं मी धरून चाललो होतो.’

‘मी? मला तर कोणी कधी काही वाचायला पाठवलेलंसुद्धा नाही!’

‘ते मला गेल्या महिन्यात कळलं,’ ते म्हणाले. ‘तथापि बोलायला सुरुवात कशी करायची ते समजेना.’

त्यांनी माझा कप पुन्हा भरला. मग ते म्हणाले, ‘खिडकीचा प्रयोग केलात का?’ मी ताडकन उठलो. खिडकीचं यांना कसं कळलं? तर विद्यार्थिनीनं सांगितलं होतं. ती त्यांच्याकडे अंधारी पेटी उसनी मागायला गेली होती, आणि मी तपासात गुंतलो असताना तिनं प्रयोग सुरूही केला होता.

प्रयोगाच्या पाचव्या दिवशी तिनं मला खिडकीशी बोलावलं. जीवाणू न घातलेला फ्लास्क तिनं उचलून धरला. पाणी जवळजवळ नितळ होतं. ताई, उन्हानं चार वर्षं आम्हाला बनवलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे गिरणीच्या त्या बंदिस्त, उन्हाचा कवडसाही न शिरणाऱ्या टाक्या आल्या, आणि नाल्याकाठी राहणारी माणसं, ज्यांच्या दारावरून ते निळं पाणी तसंच वाहत गेलं असतं, माझ्या नावाच्या दाखल्यानिशी. त्या सोमवारी इंजिनियरला मी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. लाज वाटली, पण सांगितलं.

अंधारातला जीवाणू मात्र अगदीच नालायक निघाला नाही. रंग खातो, पण चवीचवीनं : चारऐवजी अकरा दिवस घेतो. आम्ही लेख नव्यानं लिहिला, मथळ्यातला ‘झपाट्यानं’ काढला. जर्नलनं तो मागच्या पानांवर, छोटं टिपण म्हणून का होईना, स्वीकारला. विद्यार्थिनीला पदवी मिळेल. इंजिनियर टाक्या तिप्पट मोठ्या आखतोय. स्वेटर अजून माझ्याकडेच आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्राचं खरं कारण राहिलंच. तुझी नणंद त्या जर्नलच्या कचेरीत लागली असं आई म्हणाली. तिला सहज, बोलता बोलता, आमचा दुसरा परीक्षक कोण होता ते विचारशील का? मला त्याचे फक्त आभार मानायचे आहेत. (खरंच.)

ता. ता. क. : पाकीट चिकटवणार तोच संपादकबाईंचं पत्र आलं, आणि पाकीट आठवडाभर तसंच राहिलं. त्यांनी मलाच परीक्षक नेमलंय! लेख कुठल्याशा अनोळखी माणसाचा आहे. बरा आहे, पण एक प्रयोग राहिलाय. बिचाऱ्याचे सहा महिने जातील. तरी तो करा, असं स्पष्ट लिहून पाठवलं. तेव्हा नणंदेला काहीएक विचारू नकोस. उलट ती अशी नावं कोणाकोणाला सांगत तर नाही ना, याची तेवढी नीट चौकशी कर. आणि हे पत्र वाचून झालं की फाड. बारीक फाड. लोक टोपलीतले तुकडे जुळवतात.