पाटीवरचा नंबर

प्रिय याह्या,

पाण्याचा टँकर येईना म्हणून अब्बांचं कपडे रंगवायचं दुकान बंद केलं, तेव्हा तू पुण्याहून म्हणालास, "आपा, दुकान बंद ठेव, पण जाहिरात चालू ठेव. लोक लगेच विसरतात." नवी पाटी पाठवलीस, तिच्यावर फोन नंबर तुझा टाकलास. मीही रोज सकाळी तीच लाल ओढणी दारावर लटकवत राहिले. फुलंब्रीच्या बायकांना दुकान ध्यानात राहावं म्हणून.

दोन महिन्यांत त्या पाटीवरून एकच माणूस आला. ओढणीकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. फीत काढून दुकानाची रुंदी मोजायला लागला. विचारलं तर म्हणाला, "याह्याभाईंशी बोलणं झालंय." मागं सात मजली इमारत होतेय, तिला आपल्या जागेतून रस्ता पाहिजे म्हणे.

माझं चुकतही असेल. पण तो येऊन गेल्यावर, परवा मी तुला सहज विचारलं, पाटी बघून कुणाचा फोन आला का. तू म्हणालास, "अजून कुणाचाच नाही, आपा."

आज तुझ्या नंबरावर काळा रंग फिरवला. कालवायला प्यायच्या हंड्यातलं पाणी घेतलं.

हे पत्र टाकणार नाही. नंबर पुसल्याचं तुला कुणाकडून कळतं, ते मला बघायचंय.

तुझी आपा,
मेहरुन्निसा